कोणाच्या शेजारी कोण?



मागच्या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गात मासे आले. परिसर अभ्यासाला उपयोग होईल म्हणून मी नागपूरहून काचेची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. एक घनफूट म्हणजे साधारण 28 लिटर, मग आपली टाकी किती लिटरची? मुलांनी फळ्यावर हिशोब करून 56 काढले. मी खूश!

माशांचा हिशोब मात्र माझाच चुकला. दुकानात रंग बघून मी ब्लू रॅमची एक जोडी आणि सहा टायगर बार्ब घेतले. "सगळे एकत्र राहतात मॅडम," असं दुकानदार म्हणाला आणि मी पुढे काही विचारलंच नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी एका मुलीने हळूच सांगितलं, "मॅडम, त्याचे पंख फाटून राहिले." मी वाकून बघितलं. रॅमचा नर दगडामागे दडून बसला होता. बार्ब येऊन त्याचे पर कुरतडत होते. आठवडाभरात तो मेला. वर्ग दिवसभर गप्प होता.

मग मी वाचायला बसले. रॅम हा सिक्लिड कुळातला. आपल्या बाजारातला तिलापिया आणि कोकणातला कालुंद्र हे त्याचेच भाऊबंद. पण रॅम जेमतेम दोन इंचांचा. तो दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. त्याला 27 ते 30 अंशांचं उबदार, मऊ पाणी लागतं. सपाट दगडावर अंडी घालून नर-मादी दोघंही राखण करतात. टायगर बार्ब चपळ, सतत पळापळ करणारा. तो काही वाईट मासा नाही. मोठ्या घोळक्यात तो आपसातच शिवाशिवी खेळतो. मीच त्याला चुकीच्या शेजारी आणून सोडलं होतं.

नवीन सोबती निवडताना मुलांनी चार प्रश्न काढले: पाणी दोघांना सारखं चालतं का? कोण वर पोहतो, कोण तळाशी? कोणाच्या तोंडात कोण मावतो? स्वभाव कसा? गोल्डफिशला थंड पाणी लागतं, म्हणून तो बाद. एंजेल मोठा होतो, तोही बाद. निऑन टेट्राला जरा गार पाणी मानवतं, त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल टेट्रा मात्र ओरिनोकोच्याच खोऱ्यातही सापडतो आणि मधल्या पाण्यात शांतपणे फिरतो. म्हणून आठ कार्डिनल आणले. बार्ब परत केले. रॅमची एकच जोडी ठेवली, कारण एवढ्याशा टाकीत दोन नर जागेसाठी भांडतात. लपायला नारळाची करवंटी आणि दाट वनस्पती. आमचं बोअरचं पाणी जड, म्हणून त्यात आरओचं पाणी मिसळतो.

पण मला वेगळंच सांगायचं आहे. फाटलेले पंख सर्वांत आधी जिला दिसले, ती मुलगी वर्गात नवीन होती. आई-वडील वीटभट्टीवर कामाला आलेले. ती बोलती व्हावी म्हणून मी तिला वर्गातल्या सर्वांत बडबड्या तिघींमध्ये बसवलं होतं. ती आणखीच मुकी झाली. मधल्या सुट्टीत ती टाकीपाशी का उभी राहते, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

तिला बाजूला घेऊन विचारलं, "तुला कुठं बसायचं?" तिने खिडकीजवळच्या, चित्र काढणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं. तिथे बसून पंधरा दिवसांनी तिने पहिल्यांदा हात वर केला.

त्या तिघी वाईट नव्हत्या, आजही वर्गाची जान आहेत. जागा मी ठरवली होती, तीही न विचारता. डी.एड.ला बैठक व्यवस्था शिकले होते, पण ती उंची आणि फळा बघून.

माशाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल वाचावं लागतं. मुलाला तर विचारता येतं ना! तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एकदा विचारून बघा.