आपला माणूस

मी आजही रिपब्लिकन आहे. गर्भातल्या जिवाला जगण्याचा हक्क आहे, हे माझं मत तसूभरही हललेलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी बाजू बदलली. बाजू तीच आहे. त्या बाजूनं उभं राहताना मी जे बोलले आणि वागले, त्यातलं बरंच चुकलं.

मी मूळची नगरची. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेलं. नर्सिंग करून इकडे अमेरिकेत आले, आयोवात स्थिरावले, नागरिक झाले. नगरमध्ये आम्ही मूठभर होतो. इथे राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणारी माणसं आमच्या मंडळीत येऊन प्रार्थनेला बसायची, आमच्या पाळकांना बाजूला घेऊन बोलायची. आपल्या विश्वासाला इतकी किंमत आहे, याची मला भुरळ पडली. माझ्या चुकांचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

रिपब्लिकन पक्षाची उमेदवार निवडण्याची सुरुवात आमच्या राज्यातल्या कॉकसनं होते. ते साधं मतदान नसतं. हिवाळ्यातल्या रात्री सात वाजता एकेका भागातले लोक शाळेत किंवा चर्चमध्ये जमतात. प्रत्येक उमेदवारासाठी कुणीतरी उठून दोन शब्द बोलतं, मग चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. ३ जानेवारी २०१२ला आमच्या भागाचा कॉकस एका शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये होता आणि रिक सँटोरम यांच्या बाजूनं बोलायला मी उठले होते.

सँटोरम मला मनापासून पटले होते. पैसा नव्हता, तर गडी पिकअप ट्रकमधून आयोवाच्या ९९च्या ९९ काउंट्या फिरला. त्यांची धाकटी मुलगी बेला ट्रायसोमी १८ हा गुणसूत्रांचा दोष घेऊन जन्मलेली. मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम करते. अशी बाळं मी हातांत घेतली आहेत. त्यांच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात, एक बोट दुसऱ्यावर चढलेलं असतं, आणि बहुतेकांचा पहिला वाढदिवस येत नाही. अशा लेकराला घरी नेऊन वाढवणारा बाप मला राष्ट्राध्यक्ष म्हणून हवा होता. एवढंच बोलून खाली बसले असते तर आज हे लिहावं लागलं नसतं.

पण मी पुढे म्हणाले, “आपल्याच देवाची प्रार्थना करणारा माणूस व्हाइट हाउसमध्ये हवा.” रोख प्रतिस्पर्धी उमेदवार मिट रॉम्नींवर होता, हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. रॉम्नी मॉर्मन. आदल्या ऑक्टोबरात डॅलसचे पाळक रॉबर्ट जेफ्रेस यांनी मॉर्मन पंथाला उघडपणे ‘कल्ट’ म्हटलं होतं, आणि आमच्या बायबल अभ्यासात तेच चाललं होतं. मॉर्मन लोकांची शिकवण आमच्या शिकवणीपेक्षा वेगळी आहे, आणि ती मला आजही मान्य नाही. पण मी शिकवणीवर वाद घालायला उभी नव्हते. माझ्या मागच्याच टेबलाशी माझी सहकारी आणि तिचा नवरा बसले होते. दोघंही मॉर्मन. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर आमच्या घरी डबा पोचवणारी हीच बाई. मी खाली बसले तेव्हा ती चिठ्ठीची घडी घालत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

रॉम्नींना विचारण्यासारखे रास्त प्रश्न होते. १९९४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सिनेटची निवडणूक लढवताना त्यांनी गर्भपाताच्या हक्काची बाजू घेतली होती, नंतर मत बदललं. ते मनापासून बदललं की मतांसाठी, हे त्या हॉलमध्ये विचारता आलं असतं. मी ते विचारलंच नाही. त्यांचा पंथ पुढे केला की बाकी काही विचारायची गरजच उरत नव्हती.

याहून वाईट म्हणजे, त्याच महिन्यात आणखी एक उमेदवार न्यूट गिंग्रिच यांची मी फोनवर बाजू घेतली. २१ जानेवारीला त्यांनी साउथ कॅरोलायना जिंकलं, तिथल्या माझ्यासारख्याच ख्रिस्ती मतदारांच्या जोरावर. तीन लग्नं झालेला माणूस. आणि मी मैत्रिणीला म्हणाले, देवानं दाविदालाही क्षमा केली होती. ज्याचा संसार १९६९पासून एकाच बायकोशी चालला होता, त्या रॉम्नींना मी दारातून परत पाठवलं आणि याच्यासाठी पवित्र शास्त्रातून दाखला काढला.

दुसरी चूक अज्ञानाची. ३ जानेवारीच्या कॉकसमध्ये चिठ्ठी टाकून झाल्यावर आमच्यातले बहुतेक जण घरी निघाले, मीही निघाले. मागे काउंटी अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडायचे असतात, याकडे लक्षच दिलं नाही. रॉन पॉल या आणखी एका उमेदवाराची माणसं बसून राहिली. त्या रात्री रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं. दोन आठवड्यांनी तपासणीत सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि ८ ठिकाणचे निकाल मिळालेच नाहीत. आम्ही आनंदानं रडलो. पण त्या वेळी चिठ्ठ्यांचं प्रतिनिधींवर बंधन नव्हतं. ऑगस्टमध्ये टँपाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ मतांपैकी २२ रॉन पॉल यांना गेली. त्यांनी काहीही चोरलं नव्हतं. नियम वाचून ते थांबले होते, एवढंच.

२०१६ची गोष्ट सांगताना मला जास्त जड जातं. त्या वर्षी मी आमच्या भागात टेड क्रूझ यांच्या प्रचाराचं काम पाहत होते. १ फेब्रुवारीच्या संध्याकाळी कॉकस सुरू होताना प्रचाराच्या बाजूनं निरोप आला: बेन कार्सन फ्लोरिडाला घरी चाललेत, शर्यतीतून बाहेर पडतील असं दिसतं, त्यांच्या पाठीराख्यांना सांगा. मी शहानिशा केली नाही. कार्सन यांचा कागदी फलक मांडीवर घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्यापाशी जाऊन मी सांगितलं, तुमचं मत वाया जाईल. “दिसतं” हा शब्द माझ्या तोंडून गळून पडला होता. त्यांनी फलक उलटा करून खुर्चीखाली ठेवला.

कार्सन कुठेही बाहेर पडले नव्हते. ते घरी कपडे आणायला चालले होते. दुसऱ्या दिवशी क्रूझ यांनी जाहीर माफी मागितली. मी मात्र त्या गृहस्थांना गाठू शकले नाही, त्यांचं नावच मला ठाऊक नव्हतं. लहान मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारे कार्सन आम्हा नर्सेसचे लाडके, शिवाय प्रभूवर विश्वास ठेवणारे. आपला उमेदवार देवाचा म्हटल्यावर त्याच्यासाठी केलेलं सगळं देवाचंच, असं मी धरून चालले होते. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा रविवारच्या शाळेत मुलांकडून पाठ करून घेणारी मी.

पुढे क्रूझ हरले. नोव्हेंबरमध्ये मी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिलं, सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती स्कालियांच्या रिकाम्या जागेचा विचार करून. त्या मताबद्दल मला पश्चात्ताप नाही. २४ जून २०२२ला गर्भपाताचा देशव्यापी हक्क संपवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी गुडघे टेकून आभार मानले. पण मत देण्याआधी घरी मी मुलाला म्हणाले होते, “आपण पाळक थोडाच निवडतोय?” त्यानं शांतपणे विचारलं, “मग रॉम्नींच्या वेळी काय निवडत होतो?” मी त्याला उत्तर दिलं नाही. त्यानंतर तो माझ्याशी राजकारणावर फारसा बोलत नाही, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही.

मॉर्मन सहकारी मैत्रिणीची माफी मी २०१६च्या अखेरीस मागितली. ती म्हणाली, “मला वाटलं होतं, तू तरी समजशील.” नगरमध्ये मी मूठभरांतली होते, हे तिला ठाऊक होतं.

२०२४च्या निवडणुकीसाठी विवेक रामस्वामी उभे राहिले तेव्हा बायबल अभ्यासातल्या बायका माझ्याकडेच वळल्या. तू भारतातली, तूच सांग, हिंदू माणूस कसा चालेल? मी म्हटलं, पदासाठी धर्माची अट घालायची नाही असं राज्यघटनेच्या सहाव्या कलमात लिहिलंय. आणि मला त्यांच्या धर्माची नाही, मताची अडचण आहे: गर्भपातावर देशभर बंदी नको, ते राज्यांवर सोडा, असं ते म्हणतात. दुसरे उमेदवार डिसँटिस यांनी फ्लोरिडात सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदीचा कायदा करून दाखवला, म्हणून माझं मत त्यांना. एक जण म्हणाली, “पण तो प्रार्थना कुणाची करतो?” मी गर्भपाताचा मुद्दा पुन्हा पहिल्यापासून मांडला. तिला तो पटला की नाही, माहीत नाही.

१५ जानेवारी २०२४ला, कॉकसच्या रात्री, हाडं गोठवणारी थंडी होती. चिठ्ठ्या टाकून लोक भराभर निघाले. मी थांबले आणि काउंटी अधिवेशनासाठी नाव दिलं. रामस्वामींसाठी बोललेला एक कॉलेजचा मुलगाही थांबला होता. राज्यांवर सोडायचं की नाही, यावर आमची जुंपली ती पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडतानाही चालूच होती.