न उघडणारी खिडकी

शिडाच्या नौकेची न उघडणारी खिडकी गळूं लागली म्हणजे धन्याचा हात प्रथम पेचकसाकडे जातो. स्क्रू आवळावे, कडेनें सिलिकोनचा लेप फिरवावा आणि निश्चिंत व्हावें! पहिल्याच पावसांत बिछाना पुनः भिजतो. हा उपाय आम्हांस रोगाहून घातक वाटतो.

हीं तावदानें बहुधा ॲक्रिलिकचीं असतात. एक मीटर लांबीचें ॲक्रिलिक ३० अंश सेल्सिअसनें तापलें कीं सुमारें २ मिलिमीटर वाढतें. भोंवतालची फायबरग्लासची भिंत त्याच्या निम्म्यानेंहि वाढत नाहीं. मग आवळलेल्या स्क्रूपाशीं तावदान तडकतें, पातळ लेप सुटतो, आणि भिंतीच्या पोटांत बाल्साचें लांकूड असल्यास झिरपलेलें पाणी तें गुपचूप कुजवितें. भिजलेल्या बिछान्याची चिंता त्यापुढें क्षुल्लक होय.

यास्तव तावदान काढावें. जुन्या सिलिकोनचा अंशहि राहूं देऊं नये, कारण त्यावर दुसरें कांहीं धड चिकटत नाहीं. ॲसिटोन ॲक्रिलिकला लावूं नये. त्यानें बारीक भेगा पडतात. स्क्रूंचीं भोंकें किंचित् मोठीं करावीं, ॲक्रिलिकला मानवणारें लवचिक लुकण भरावें, आणि तें सारें पिळून बाहेर येईल इतकें स्क्रू आवळूं नयेत.

भिन्न प्रकृतीचीं दोन माणसें एका घरांत नांदवावयाचीं असतील, तर वडीलधाऱ्यांनीं हें शेवटचें कलम ध्यानांत ठेवावें, अशी आमची नम्र सूचना आहे.