हात थरथरतात की सीट?

समृद्धी महामार्ग झाला नसता, तर आमच्या गाडीचं हे दुखणं कधी बाहेरच पडलं नसतं. जुन्या रस्त्याने जालन्याहून नागपूरला जाताना गाडी साठ-सत्तरच्या पुढे कुठे जायची! खड्डे, गावं, उसाचे ट्रॅक्टर, मध्येच थांबलेली एसटी. स्टेअरिंग थरथरलं तर रस्त्याला शिव्या घालायच्या आणि पुढे जायचं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ती सोय गेली. कारला ताशी १२० ची मुभा आणि खाली सिमेंटचा सरळ रस्ता. सिंदखेडराजा मागे पडलं, काटा नव्वदवर गेला आणि माझे तळहात झिणझिणायला लागले. शंभरला तर आरशात मागची गाडी धूसर दिसू लागली. एकशे दहाच्या वर गेलं की थरथर जरा ओसरायची. सत्तरच्या खाली तिचं नावही नसायचं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "एवढा चांगला रस्ता, मग हिला कशाची हुडहुडी भरलीय?"

पुढचे दोन्ही टायर पावसाळ्याआधीच नवे घातले होते आणि बॅलन्सिंग केल्याची पावतीही होती. म्हणून टायरवर कुणाचाच संशय जाईना. पहिल्या दुकानात अलाइनमेंट करून दिली. चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते जुळवायचं काम म्हणजे अलाइनमेंट. ते बिघडलं की गाडी एका अंगाला ओढते, टायर कडेने झिजतो. आमची गाडी तर नाकासमोर चालत होती. मी तसं म्हटल्यावर दुकानदाराने माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं, "करून बघा, फरक पडेल." (गाडी मी चालवते. नवऱ्याला तिचा टायर साइझही माहीत नाही.) फरक पडला नाही. दुसऱ्या गॅरेजने लोअर आर्म आणि बुश बदलायला सांगितलं, वर चारही चाकांत नायट्रोजन भरायचा आग्रह. तिथून आम्ही काढता पाय घेतला.

मोंढ्याकडे एक वयस्कर टायरवाले आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मलाच प्रश्न विचारले. "ताई, थरथर हाताला लागते की…" इथे ते जरा अडखळले, "…की सीटला?" हाताला लागली तर दोष पुढच्या चाकांत, सीटला लागली तर बहुतेक मागच्या. ब्रेक दाबल्यावर वाढते का? वाढत असेल तर ब्रेकची डिस्क बघायची. पिकअप घेतानाच येते का? मग एक्सलकडे बघायचं. ठरावीक स्पीडलाच येते आणि नंतर कमी होते, असं मी सांगितल्यावर त्यांनी पोऱ्याला जॅक आणायला सांगितला.

उजवं चाक खाली उतरलं आणि रिमची आतली बाजू वर आली. काळ्या मातीचा चांगला जाडजूड थर तिथे वाळून बसला होता. आमचं शेत जाफराबादकडे. पावसाळ्यात बांधापर्यंत गाडी नेली की ती माती चाकात घुसते आणि उन्हात दगडासारखी होते. गाडी धुणारे बाहेरून फवारा मारतात, टायरला काळं पॉलिश लावतात. आत कुणी बघत नाही. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हरने ढेकळं खरवडून काढली. मग पकडीने रिमच्या काठावरची बॅलन्सिंगची वजनं उपटली. ती दोन पिढ्यांची होती. जुन्या टायरच्या वेळची वजनं तशीच ठेवून नवे टायर घालणाऱ्या दुकानाने त्यांच्यासमोर नवी ठोकली होती.

मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. पाच-दहा ग्रॅमच्या त्या तुकड्यांना पोऱ्या एवढा मान का देतो, हे तिथेच बाकावर बसून मांडून पाहिलं. आमचा टायर जमिनीपासून वरपर्यंत साधारण ६२ सेंटिमीटर. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला १४ फेरे मारतो. रिमच्या काठावर ३० ग्रॅमचा फरक असेल तर त्या वेगाला चाकावर सुमारे साडेचार किलो वजनाइतकी ओढ बसते, तीही सेकंदाला १४ वेळा, दरवेळी दिशा बदलत. वेग निम्मा केला की ओढ पावपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून गावात काही कळत नाही. आणि सस्पेन्शनसह चाकाची स्वतःची हलण्याची लयही साधारण याच टप्प्यातली, सेकंदाला दहा ते पंधरा. दोन्ही लयी जुळल्या की थरथर फोफावते. वेग आणखी वाढला की ओढ वाढते, पण लय सुटते आणि हातांना बरं वाटतं. इतकी वर्षं हाच अनुनाद शिकवताना मी झोपाळा आणि पुलावरून जाणारे सैनिक हीच उदाहरणं देत आले.

चाक मशीनवर चढलं. असमतोलाचा आकडा फार मोठा आला. दुसरा कुणी असता तर त्याने तेवढं वजन ठोकून मोकळं केलं असतं. चाचांनी हवा सोडली आणि टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवला. नव्या टायरवर एक पिवळा ठिपका असतो. ती टायरची हलकी बाजू, आणि व्हॉल्वमुळे रिम तिथे जराशी जड. दोन्ही शेजारी आणायचे. आता आकडा उतरला. आत आणि बाहेर, दोन्ही काठांना थोडी थोडी वजनं लावल्यावर पडद्यावर दोन शून्यं आली. दुकानं इथेच थांबतात. चाचांनी मात्र चाक मशीनवरून सोडवलं, अर्धं फिरवून पुन्हा आवळलं आणि पुन्हा पळवलं. शून्य राहिलं तर चाक मधोमध बसलंय. आकडा बदलला तर आधीचं शून्य खोटं, मशीनच्या शंकूसारख्या कोनाशी घाण आहे किंवा रिमचं भोक झिजलंय. माझ्या मते या धंद्यात फी याच दुसऱ्या फेरीची द्यावी.

डाव्या चाकाला फार काही निघालं नाही. मागचं एक मात्र हट्टी होतं. मशीनवर शून्य येऊनही फिरताना त्याचा काठ डोळ्यांना वरखाली दिसत होता. चाचांनी खडू टायरजवळ धरून चाक हळू फिरवलं. एकाच जागी पांढरा पट्टा उमटला. "डिस्क आउट आहे. खड्ड्यात आपटली असणार. याला वजन लावून काय उपयोग?" (डिस्क म्हणजे इथे रिम.) वजनाने भार तोलता येतो, गोलाई आणता येत नाही. ते चाक त्यांनी स्टेपनीच्या जागी टाकलं आणि स्टेपनीचं चाक मागे लावलं. हबचा गंज तारेच्या ब्रशने घासला, नट समोरासमोरचे आवळत नेले आणि शेवटचा पीळ गाडी खाली उतरवून हातपान्याने दिला.

पुढच्या खेपेला कारंज्यापर्यंत काटा शंभरच्या आसपास ठेवला. स्टेअरिंग शांत होतं. आईने मान्य केलं की हुडहुडी गेली, आणि लगेच एसीबद्दल तक्रार सुरू केली.

अलीकडे डाव्या चाकात मोठा खिळा घुसला. आतून पॅच लावायला टायर रिमवरून काढावा लागणार होता. पंक्चरवाल्याला मी आधी व्हॉल्वसमोर टायरवर खडूची खूण करायला लावली आणि टायर त्याच खुणेवर बसवून घेतला. त्याने विचारलं, "मॅडम, तुमचं टायरचं दुकान आहे का?"