चार आण्याची दुरुस्ती

या दिवाळीत यवतमाळला घरी गेलो तर दिवाणखान्यातलं कोपऱ्यातलं टेबल रिकामं. त्यावरचा एचएमव्ही फिएस्टा मागच्या खोलीत, जुन्या पेपरच्या गठ्ठ्यांवर. आमच्या घरात त्या जागेचा अर्थ एकच. भंगारवाल्याच्या रांगेत आता याचा नंबर.

"बाबा, हा इथे कसा?"

"ऐकतं कोण आता? कान गेले माझे. सगळी नुसती चरचर ऐकू येते."

आईनं स्वयंपाकघरातून दुजोरा दिला. टीव्हीचा आवाजही म्हणे हल्ली वाढलाय. नागपूरहून आलेल्या ताईनं तर कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊनच ठेवली होती. थोडक्यात सगळ्यांचं एकमत झालं होतं, आणि ज्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं लगेच एकमत होतं तिथे मला शंका यायला लागते. सवय आहे, धंद्याची.

फिएस्टा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही एक छोटी सूटकेस असते. झाकण उघडलं की आत तबकडी आणि आर्म, स्पीकर त्यातच. एलपीच्या काळात मध्यमवर्गीय मराठी घरात 'आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे' असं कोणी म्हणालं की बहुतेक वेळा हाच किंवा याचा एखादा भाऊबंद असायचा. आमच्याकडे दर रविवारी सकाळी चहाबरोबर तो चालू व्हायचा, आणि पहिली रेकॉर्ड ठरलेली. 'कट्यार काळजात घुसली'ची.

बाबांची यावर एक थिअरी आहे, ती त्यांनी घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवलेली आहे. कट्यारमधले खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, जन्म 1920, मूर्तिजापूरचा. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, पण आडनावातच दारव्हा. आणि मूर्तिजापूर, दारव्हा, यवतमाळ ही तिन्ही स्टेशनं शकुंतलेच्या एकाच नॅरोगेज लाइनीवर, 113 किलोमीटरच्या आत. म्हणजे 1967 साली मुंबई-पुण्याच्या लोकांनी ज्या नाटकाला डोक्यावर घेतलं ते मुळात 'आमच्या लाइनीचं' नाटक! जितेंद्र अभिषेकी गोव्याचे, त्यांचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "ते पाहुणे," बाबा म्हणाले.

शकुंतला बंद पडून आता बरीच वर्षं झाली. थिअरी चालू आहे.

तर, असा माणूस स्वतःहून फिएस्टा गठ्ठ्यावर नेऊन ठेवतो, हे काही मला पटेना.

कुठलाही बग आला की आधी तो कुठल्या थरात आहे ते शोधायचं. इथे तीन संशयित. बाबांचे कान, रेकॉर्ड आणि प्लेअर. पहिली टेस्ट सोपी होती. तेच गाणं मोबाइलवर लावलं, आवाज फिएस्टाइतका ठेवला आणि बाबांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून अख्खं ऐकलं.

"हे तं साफ आहे."

"मग कान कसे गेले?"

ते काही बोलले नाहीत. पण गठ्ठ्यावरचा फिएस्टा त्या संध्याकाळी परत टेबलावर आला.

मग मी कट्यार लावली आणि बाबा जे सांगत होते ते मलाही ऐकू आलं. प्रत्येक 'स' आणि 'श' फाटलेला. तान वर गेली की कढईत जिरं टाकल्यासारखा आवाज. रेकॉर्डच्या सुरुवातीला जरा बरं, आणि पिन आत आत सरकेल तसतसं वाईट. याला कारण आहे. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, बाहेरही आणि आतही. पण बाहेरचा फेरा मोठा असतो, त्यामुळे तिथे पिनखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच सरकते. आतल्या टोकाला जेमतेम 21 सेंटिमीटर. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. पिन झिजलेली असेल तर ती या बारीक नागमोडी वळणांत शिरतच नाही, वरून खरवडत जाते. चोरी उघडकीला येते ती आतल्या गाण्यात.

पिन शेवटची कधी बदलली, असं विचारलं. आईला आठवत होतं. ताईच्या दहावीच्या वर्षी. म्हणजे 1992.

आता जरा हिशोब करू. एलपीची हिऱ्याची पिन साधारण पाचशे ते हजार तास चालते असं धरतात. नीलमची, म्हणजे सॅफायरची, त्याहून कितीतरी कमी, पन्नासएक तास. आमच्याकडे रविवारी एक तास, वर्षाचे 52. मधली कॅसेटची आणि सीडीची वर्षं सोडून वीसच वर्षं धरली तरी 1040 तास. एलपीची एक बाजू वीस मिनिटांची असेल तर त्यातली खाच सरळ केल्यावर साधारण 430 मीटर भरते. म्हणजे 1040 तासांत ही एवढीशी पिन तेराशे किलोमीटरहून जास्त चालली. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाऊन येऊन जवळजवळ सहा वेळा, तेही घासत!

पिन काढणं मात्र वाटलं होतं त्यापेक्षा सोपं. प्लग काढला, आर्म स्टँडवर नीट अडकवला (हे विसरू नका, आर्म ओढला गेला तर आतल्या केसासारख्या वायरी तुटतात). पिन एका छोट्या दांडीवर असते, पुढच्या क्लिपमध्ये बसवलेली. दांडीला दोन तोंडं, एका बाजूला 78च्या जुन्या रेकॉर्डसाठी जाड टोक, दुसऱ्या बाजूला एलपीसाठी बारीक. नखानं हलकेच खाली दाबलं आणि दांडी हातात आली. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी.

नुसत्या डोळ्यांना त्यात काही दिसत नाही. एलपीच्या पिनेचं टोक केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असतं. म्हणून ती काडेपेटीत घालून मेन लाइनमधल्या एका घड्याळवाल्याकडे घेऊन गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यात पिन धरून इकडून तिकडून फिरवली.

"कशाची सुई हाये ही?"

"रेकॉर्ड प्लेअरची."

"सुई कुठं राह्यली भाऊ, छिन्नी झाली हे तं. पाहा न."

मी पाहिलं. एक टोक गोल, गुळगुळीत. ते 78चं, फारसं न वापरलेलं. दुसऱ्या टोकाला दोन बाजूंनी सपाट पैलू पडलेले, कडा धारदार. छिन्नी हा शब्द त्यानं अगदी बरोबर वापरला होता. झिजलेली पिन नुसती वाईट वाजत नाही, ती खाच कोरत जाते. आणि पैसे घेतले नाहीत त्यानं, हेही लिहून ठेवतो.

पुढचा अध्याय फारसा अभिमानाचा नाही. 'सगळ्या जुन्या प्लेअर्सना बसते' असं लिहिलेली पिन मी पुण्याला परतल्यावर ऑनलाइन मागवली. ती आली आणि आमच्या दांडीशी तिचं काहीही नातं निघालं नाही. पिनांना युनिव्हर्सल असं काही नसतं. कार्ट्रिज ज्या जातीचं, त्याच जातीची पिन. मग एका शनिवारी जुनी पिन काडेपेटीत घेऊन मुंबईला चोर बाजारात गेलो. तिसऱ्या दुकानातल्या चाचांनी "सॅम्पल लाये हो?" एवढंच विचारलं, आणि प्लास्टिकच्या खणाखणांच्या डबीतून जुळी बहीण काढून दिली. जुनीच, पण न वापरलेली. एलपीच्या बाजूला हिरा, 78च्या बाजूला नीलम.

डिसेंबरात रात्रभराची ट्रॅव्हल्स पकडून यवतमाळला गेलो. सोबत पिन आणि शतांश ग्रॅम दाखवणारा एक छोटा वजनकाटा. पिनेखाली किती भार पडतो ते मोजल्याशिवाय नवी पिन लावू नये, हे तोवर वाचून झालं होतं. अशा जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला साधारण चार ते सहा ग्रॅम चालतात. आमच्या काट्यानं दाखवले 8.4.

हे कुठून आलं? आर्म उचलून खाली वाकून पाहिलं. काही नाही. वरून पाहिलं, तर डोक्यावर पिवळट पडलेली चिकटपट्टी, तिच्याखाली काहीतरी गोल. पट्टी ओरबाडून काढली. चार आणे. 25 पैशांचं नाणं, 1985 सालचं. 2011मध्ये सरकारनं ही नाणी चलनातून बाद केली, पण आमच्याकडे हे एक नाणं तेव्हाही ड्यूटीवर होतं. अडीच ग्रॅम. नाणं काढलं आणि काटा 5.9वर आला.

मला एकदम सगळं लक्षात आलं, आणि मी उत्साहात येऊन बाबांना लेक्चर दिलं. रेकॉर्ड उड्या मारायला लागली की लोक असं नाणं चिकटवायचे. त्यानं उड्या थांबतात, कारण पिन खाचेत जबरदस्तीनं दाबून बसते. पण उडी का मारते ते तसंच राहतं. धूळ असेल, पिन झिजली असेल, आर्म जड फिरत असेल. लक्षण गेलं, रोग आतच, वर खाचेवर दीडपट भार. आमच्याकडे याला वर्कअराउंड म्हणतात, मी म्हणालो. घाईत लावलेला, कुठे लिहून न ठेवलेला, आणि मग वर्षानुवर्षं प्रॉडक्शनमध्ये तसाच राहिलेला. कोणी केलं असेल हे?

बाबा माझ्याकडे बघत होते.

"तू," ते म्हणाले.

"मी?"

"पाचवीत होता तू. कट्यार अडकून राहिली होती. मी म्हणलं नागपूरला न्यावा लागते आता. तू म्हणला थांबा बाबा, आणि चार आणे घेऊन आला. वाजली न मग. सगळ्यायले सांगितलं मी, पोरानं दुरुस्त केला म्हणून."

आई म्हणाली, "1992 साली पिन बदलायला माणूस आला होता, तो काढत होता ते नाणं. यांनी काढू नाही दिलं."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

नवी पिन लावायला अर्धं मिनिट लागलं. दांडी क्लिपमध्ये सरकवली, टक् झालं, एलपीची बाजू खाली आहे ना ते बघितलं. पहिल्यांदा कट्यार नको म्हणून कपाटाच्या तळातून एक सनईची रेकॉर्ड काढली. कोणीतरी ताईच्या बारशाला दिलेली, दोनतीनदाच वाजलेली. पिन टेकवली. मी खरंच सांगतो, सगळे गप्प झालो. इतका स्वच्छ आवाज त्या सूटकेसमधून येत असे हे आम्ही विसरूनच गेलो होतो. बाबांनी आवाज कमी करायला सांगितला!

मग कट्यार.

सुरुवात छान झाली. पहिल्या मिनिटात मला वाटलं, वाचली. मग तान वर चढली आणि जिरं तडतडलं. पूर्वीइतकं नाही, पण तडतडलं. आतलं गाणं तर बरंचसं तसंच. यात नव्या पिनेचा दोष नाही. खाचच कोरली गेली आहे, आणि कोरलेली खाच भरून येत नाही. जी रेकॉर्ड सगळ्यात जास्त ऐकली, तिचंच सगळ्यात जास्त नुकसान. न आवडलेल्या सगळ्या रेकॉर्डी नव्यासारख्या.

मी म्हणालो, "बाबा, चोर बाजारात ही रेकॉर्ड मिळते. चांगल्या स्थितीतली बघून आणतो."

"आण," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण हीले ठेव. काढू नको." आणि टेबलावरचं नाणं उचलून शर्टाच्या खिशात टाकलं.

कानाची तपासणीही झाली, ताई काही ऐकणाऱ्यातली नाही. वयाच्या मानानं थोडं कमी ऐकू येतं, मशीन लागेल एवढं नाही. टीव्हीचा आवाज का वाढवता, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणे, "त्यात ऐकण्यासारखं काही सापडते का ते पाहतो."

तुमच्याही घरी माळ्यावर असा एखादा डबा असेल, आणि 'रेकॉर्डी घासल्यात, काही राम नाही' असं कोणी म्हणत असेल, तर एक करा. लावून बघू नका. प्रत्येक वेळी लावून बघताना जे उरलंय तेही थोडं जाईल. आधी पिन काढा, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे न्या, आणि आर्मवर नाणं आहे का बघा. असेल तर काढा.

फक्त कोणी लावलं ते विचारू नका. उद्या ऑफिसात एका जुन्या पॅचबद्दल मी हेच विचारणार होतो. आता आधी गुपचूप हिस्टरी बघून घेतो. :)