हप्ता आईचा, विमा बाबांचा

आमच्या घरात पहिला विमा आला तो २००९ साली. ओळखीचे एजंट घरी आले, चहा झाला आणि त्यांनी विचारले, "घरात कमावतं कोण?" आईने बाबांकडे बोट दाखवले. ती तेव्हा एका खासगी रुग्णालयात ठेकेदाराकडे साफसफाईचे काम करत होती, बाबा सिक्युरिटी गार्ड. दोघांच्या पगारात फरक पाच-सहाशेचा. पॉलिसी बाबांच्या नावाने निघाली, आई वारस म्हणून लागली. बाबांचा पगार कधीच वेळेवर होत नसे, म्हणून पुढची तेरा वर्षे हप्ता गेला तो आईच्या पगारातून. मी शिकले, मोर्चांत गेले, स्त्री-पुरुष समतेवर भाषणे ठोकली. पण आईचा विमा का नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात आई ड्युटीवर असताना ओल्या जिन्यावरून घसरली. मांडीचे हाड मोडले, पाच महिने घरी. महिना १२ हजार रुपये येणे बंद झाले. घरभाडे आणि किराणा तिच्याच पगारावर चालत होता, हे तेव्हा वहीत मांडल्यावर दिसले. बचत गटातून ४० हजार उचलले. बाबा डबल ड्युटी करू लागले. आईचे उठणे-बसणे बघायला धाकटी घरी राहिली आणि तिचे बारावीचे वर्ष गेले. बाबांची पॉलिसी कपाटात सुरक्षित होती.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. आईच्या पगाराच्या पावतीवर दरमहा ९० रुपये ईएसआयचे कापलेले होते. म्हणजे पगाराच्या पाऊण टक्का, नियमाप्रमाणे. मालकाने त्यात सव्वातीन टक्के घालायचे असतात. कामावर दुखापत झाली तर कामगार बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के मिळतात. आईच्या हिशेबाने महिना १०,८०० रुपये, पाच महिन्यांचे ५४ हजार. आम्ही विमा क्रमांक मागितला तेव्हा ठेकेदाराने हात वर केले. नोंदच केलेली नव्हती. मालकाने कसूर केली तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, हे आम्हाला फार उशिरा कळले. आईला तर वाटत होते, ते ९० रुपये चहापाण्याचे कापतात.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, विमा हा भांडवलदारांचा धंदा, आपण शासनाकडे हक्क मागायचे. त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' पुन्हा उघडावे. १९४७ च्या त्या मसुद्यात बाबासाहेबांनी विमा ही शासनाची मक्तेदारी असावी असे तर मांडलेच, शिवाय प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यायला शासनाने भाग पाडावे, असेही लिहिले. प्रौढ नागरिकांत बाई येतेच ना? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते त्या १९४२ ते १९४६ च्या काळातच कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली गेली, तिचा कायदा १९४८ मध्ये झाला. तेव्हा ईएसआयचा क्रमांक मागणे ही चळवळच आहे. आणि सगळ्यांना संरक्षण देणारी व्यवस्था येईपर्यंत घरात चूल कशी पेटणार, याचेही उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

आई बरी झाल्यावर मी तिला बँकेत नेले. वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा देणारी जीवन ज्योती योजना तिला मिळाली नाही. तिथे वयाच्या ५० पर्यंतच नाव घेतात. आईला ५१ पूर्ण झाली होती. मोडक्या मांडीपेक्षा त्या दिवशी मला त्या एका वर्षाचे जास्त वाईट वाटले. २० रुपयांचा अपघात विमा मिळाला, तो ७० व्या वर्षापर्यंत चालतो. पण तो मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तरच पैसे देतो. चार महिने अंथरुणावर पडलेल्या बाईला त्यातून काही मिळत नाही, हे सांगायला हवे. बुडालेली मजुरी भरून देणारा विमा आपल्या बायकांच्या आवाक्यात आहे तो ईएसआयच, आणि धुणीभांडी करणारी बाई तर त्याच्याही बाहेर आहे. तिच्यासाठी लढाई वेगळी लढावी लागेल.

पगारदार मुलींनो, तुम्ही साधा टर्म विमा घ्या. पैसे परत मिळणारी पॉलिसी एजंट आग्रहाने गळ्यात मारतो, कारण त्याचे कमिशन तिच्यात असते. त्या हप्त्यात मिळणारे संरक्षण तुटपुंजे असते. अर्जात आजार लपवू नका. कागद कुठे ठेवलेत ते घरात सांगून ठेवा. बँकेच्या त्या दोन्ही योजनांचे वर्ष ३१ मेला संपते, तेव्हा खात्यात ४५६ रुपये नसतील तर विमा गुपचूप बंद पडतो.

माझा अर्ज भरताना बँकेतल्या साहेबांनी विचारले, "मिस्टरांचा आहे का?" मी म्हटले, "माझा आहे." वारस म्हणून आईचे नाव लिहिले.

गेल्या महिन्यात विहारात वंदनेनंतर आम्ही २३ जणी पासबुके घेऊन बसलो. ४३६ रुपयांची कपात फक्त चौघींच्या पासबुकात सापडली. येत्या रविवारी ठेक्यावर काम करणाऱ्यांनी पगाराच्या पावत्या आणायच्या आहेत. ईएसआयची कपात आहे पण क्रमांक नाही, अशा सगळ्यांचा एकच अर्ज करू.