दुसरा संच

१४ जुलै
विहीर साठ फूट, त्यात चाळीस फूट पाणी. तळाला गाळ. हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना. सात-आठ मिनिटं बरी गेली. मग हवेबरोबर पाणी तोंडात. मग फसफस सुरू झाली, थांबेच ना. चाचपडत दोर तीनदा ओढला. वर आलो तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात.
आमच्या पथकातले काका कपडे काढून काठावर तयार उभे. त्यांच्या तोंडात द्यायला दुसरा रेग्युलेटर नव्हता.
बुडालेला मुलगा रात्रभर खालीच राहिला.

१५ जुलै
उजाडताच काकांनी दम धरून बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीत हाताला लागला. काका भोयाच्या घरातले, पाण्यातच वाढलेले. पण वय साठच्या पुढे. वर आल्यावर बराच वेळ उकिडवे बसून होते.
मुलाचे वडील काही बोलले नाहीत. आमचा एक दोर तिथेच विसरला.

१७ जुलै
जुना संच खोलला. सिलिंडरवर बसणाऱ्या पहिल्या टप्प्यात स्प्रिंगभोवती काळी माती, वाळून दगड झालेली. तोंडात धरायच्या दुसऱ्या टप्प्यात श्वास बाहेर सोडायचा रबरी पडदा एका कडेला दुमडलेला. पाणी तिथून आलं. फसफस कशामुळे, ते मला सांगता येत नाही.
शेवटची सर्व्हिस कधी झाली ते वहीत नाही. वही माझ्याकडे असते.

१८ जुलै
झोप नाही.

२० जुलै
तारकर्लीला ज्यांनी शिकवलं त्या सरांना फोन. आधी रागावले. खोलायला नको होता म्हणाले. हत्यारं नाहीत, प्रशिक्षण नाही, त्या कामाचं शिक्षण वेगळं असतं. मग सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, वापरून पाहायला तीन संच पाठवतो, महिनाभर ठेवा.

२३ जुलै
वाचतोय. १८६० च्या सुमाराला फ्रान्समध्ये रुकेरोल नावाच्या खाण-अभियंत्याने मागेल तेवढीच हवा देणारा झडपेचा डबा केला. कशासाठी, तर खाणीत वायू कोंडला की आत जाऊन माणसं काढायला. मग देनेरूझ या नौदलातल्या अधिकाऱ्याबरोबर त्याने तो पाण्यासाठी वापरला. कुस्तो आणि गान्यां यांचं ॲक्वालंग १९४३ चं, त्याच्या ऐंशी वर्षं पुढचं.
म्हणजे या यंत्राचं पहिलं काम आमचंच होतं. विहिरीतही पाण्याच्या वर वायू साचतो. म्हणून आम्ही काठावरूनच तोंडात धरून उतरतो.

२६ जुलै
ट्रॅव्हल्सने पार्सल आलं. घेऊन येताना मलकापूरपासून पाऊस. तिन्ही संच ओट्यावर मांडले. ही म्हणाली, देवघरासमोर मांड.

एक: स्कूबाप्रोचा एमके-२. साधा पिस्टन, अनबॅलन्स्ड. आत हलणारा भाग जवळपास एकच.
दोन: त्याच कंपनीचा एमके-२५. बॅलन्स्ड पिस्टन. हवा भरपूर.
तीन: एपेक्सचा, बॅलन्स्ड डायाफ्रॅम. पहिला टप्पा सीलबंद, बाहेरचं पाणी स्प्रिंगपर्यंत जातच नाही.

युरोपची चाचणी तिघांनीही पार केलेली. ५० मीटर खोलीचा दाब, मिनिटाला ६२.५ लिटर श्वास, आणि एका लिटरमागे ३ जूलपेक्षा जास्त कष्ट पडता कामा नयेत. आमच्या विहिरी १५-१८ मीटरच्या पलीकडे क्वचित जातात.

२७ जुलै
गवंड्याचा लेव्हल पाइप आणला. इंग्रजी यू सारखा वाकवून पाणी भरलं, तीन तोंडांचा जोड लावला, एका बाजूने हळू ओढत गेलो. झडप उघडते तेव्हा दोन बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो ते पट्टीने मोजायचं.
तिन्ही नवे तीन ते चार सेंटिमीटरच्या आत.
त्याच पाइपवर जुना लावून पाहिला. सात. मी इतके महिने तो ओढत होतो आणि मला वाटायचं, माझाच दम कमी पडतोय.

३० जुलै
जुन्या गिट्टीखाणीत सराव. पन्नास फूट. काका आणि मी आळीपाळीने.
एमके-२५ ला ओढावंच लागत नाही. एपेक्सही तसाच, थोडा शांत. एमके-२ भरल्या सिलिंडरवर यांच्याइतकाच. ५० बारच्या खाली गेल्यावर मात्र कळतो. हवा येते, पण मागावी लागते.
काकांना विचारलं. "तिन्हीतून हवा येऊन राहिली भाऊ. त्या रात्री एकातूनही येत नव्हती."

३१ जुलै
काका ५० बारच्या खाली जातच नाहीत. मीही जाऊ नये. मग तिथला फरक कोणासाठी मोजतोय?

२ ऑगस्ट
गाळाचा प्रश्न सुटत नाही. एमके-२५ ची स्प्रिंग पाण्याला उघडी. एमके-२ चीही. एपेक्सची झाकलेली. आमच्या पाण्याला तोच हवा. सरांना विचारलं. ते म्हणाले, झाकलेला जास्त दिवस स्वच्छ राहतो, पण सर्व्हिसला आला की भागही जास्त बदलावे लागतात, आणि तुम्ही पाठवणार कुठे? मुंबई, नाहीतर गोवा.
मागच्या वेळी पार्सल गेलं ते सात आठवड्यांनी परत आलं. त्या सात आठवड्यांत पथकाकडे काहीच नव्हतं. मला ते आज आठवलं.

५ ऑगस्ट
आणखी एक चूक सापडली. संग्रामपूरकडची कामं झाली की संच तिथेच बोअरच्या पाण्यात बुडवून धुवायचो. तो खारपाणपट्टा. समुद्र इतका लांब आणि आपण घरच्या पाण्यात मीठ लावत होतो.
आजपासून आरओची कॅन. धुताना संच सिलिंडरला जोडलेला, दाबाखाली. काढल्याबरोबर टोपी फुंकून कोरडी करून लावायची. दाब नसताना पर्ज बटण पाण्यात दाबायचं नाही. जाड अक्षरांत लिहून भिंतीला लावलं.

९ ऑगस्ट. राखी.
बहिणीने विचारलं, अजून उतरतोस का. उतरतो म्हटलं.

११ ऑगस्ट
जमा: ९२ हजार. पथकाची वर्गणी, दोन मंडळं, अडत्यांकडून थोडे.
ऑक्टोपससकट, म्हणजे जादा दुसऱ्या टप्प्यासकट, कोटेशनं आली. डायाफ्रॅमचा एक संच ७४. साधा पिस्टन ३८.
एक उत्तम, की दोन साधे?

१२ ऑगस्ट
बैठक. तरुण पोरं एपेक्सच्या बाजूने. त्यांचं चूक नाही. गाळात तोच टिकेल, पाच वर्षांचा विचार केला तर वाया जाणार नाही. मी तेच म्हणत होतो, गेल्या आठवड्यापर्यंत.
आज म्हणालो, एकच उत्तम संच असला तर खाली एकच माणूस जातो. तो अडकला की वरचे पुन्हा काठावर उभे. पथकाला दोन पाहिजेत. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, म्हणजे सुटे भागही एकच.
कोणी बोललं नाही. मग काकांनी मान हलवली.

१३ ऑगस्ट
७६ मध्ये दोन. उरलेल्यात सर्व्हिस किट आणि मधला दाब मोजायचा गेज. साधारण ८ ते १० बार दाखवायला हवा, आणि तिथेच स्थिर राहायला हवा. काटा हळूहळू चढत गेला तर सीट गेली. हे घरीच कळेल, विहिरीत नाही.
एक संच सर्व्हिसला गेला की दुसरा इथे. दोन्ही एकदम पाठवायचे नाहीत.
डिन जोडाचा संच घ्यावा असं फार वाटत होतं. पण आमच्या सगळ्या सिलिंडरांना ए-क्लॅम्पचीच तोंडं. ओ-रिंग दर वेळी बघायची, खिशात जादा ठेवायच्या.

२२ ऑगस्ट. पोळा.
दुपारी ते वडील आले. बैल धुऊन, सजवून आले होते. हातात आमचा दोर. धुतलेला, व्यवस्थित गुंडाळलेला. चहा घेतला. भिंतीवरचा कागद पूर्ण वाचला. जाताना म्हणाले, "पोरगं पोहता येते म्हनत होतं."

२७ ऑगस्ट
गणपती बसले. संच अजून कस्टममध्ये.

२ सप्टेंबर
आले.

३ सप्टेंबर
गेज: ९.२ आणि ९.४. दहा मिनिटं पाहत बसलो. काटे हलले नाहीत. लेव्हल पाइपवर दोन्ही साडेतीन. वहीत नवं पान केलं: तारीख, कोण उतरलं, किती मिनिटं, धुतला का, कोणी धुतला.

४ सप्टेंबर
गिट्टीखाणीत काका आणि मी एकाच वेळी खाली. पहिल्यांदा. त्यांचा हात माझ्या दंडावर. त्यांचे बुडबुडे ऐकू येत होते.

६ सप्टेंबर. विसर्जन.
संध्याकाळी पाचपासून घाटावर. दोन्ही संच जोडून, सिलिंडर उघडून तयार. रात्री दीडच्या सुमाराला एक पोरगा पायरीवरून घसरला. गळाभर पाण्यातच काकांनी दंडाला धरून बाहेर ओढला. संच लागलाच नाही.

७ सप्टेंबर
वापरले नव्हते, तरी कॅनच्या पाण्याने धुतले. टोप्या फुंकल्या. वहीत दोन ओळी. काकांनी स्वतःची सही केली, मोठ्या अक्षरांत.