सिंदखेडराजाचा वाडा

जालना–मेहकर मार्गावरील सिंदखेडराजात लखुजीराजे जाधवांच्या वाड्याचे भव्य महाद्वार उभे आहे. दर्शनी रूप किल्ल्याचे. आत मात्र घर. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म येथेच झाला. १६२९ मध्ये लखुजीराजे पुत्रांसह देवगिरीवर मारले गेले. त्यांची दगडी समाधी गावातच आहे. वाडा बराचसा ढासळला, तरी उरलेल्या जोत्यांवरून चौक, दालने ओळखता येतात.

वऱ्हाडातील पेठांमधले व्यापारी वाडे मात्र वाटणीनंतर रस्त्याकडील चार गाळ्यांसाठी पाडले जातात. व्यवहार म्हणून ते चूक नव्हे. पण तेथे जोतेही राहत नाही. जागेची मोजणी कागदोपत्री मिळते. देवघर कोणत्या दिशेला होते, आजीची बाळंतिणीची खोली कोठली, हे नातवंडांना दाखवता येत नाही.

सिंदखेडराजाला चारशे वर्षांनंतरही ती जागा दाखवतात.